उकिरड्यावरचा काळा गाभा

एका राज्यात झाडाच्या पानाला भोक पडणे हा गुन्हा होता.

राजाचे नाव निष्कलंकसेन, आणि नावाप्रमाणे त्याला डाग म्हणून खपत नसे. पांढऱ्या घोड्याला एक काळा केस निघाला तर घोडा तबेल्यातून जाई. पोळीवर करपट ठिपका दिसला तर आचारी मुदपाकखान्यातून जाई. अशा राजाची औषधांची बाग कशी असेल ते वेगळे सांगायला नको. बागेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत मलमलीचे छत होते. पाऊस गाळून पडे, वारा गाळून येई. रोज सकाळी पर्णाध्यक्ष नावाचा अधिकारी चांदीची काडी घेऊन वाफ्यावाफ्यातून फिरे, आणि पानाला भोक सापडले की भोकामागे एक कोरडा माळ्याच्या पाठीवर ओढला जाई. राजा तसा दुष्ट नव्हता. त्याला फक्त स्वच्छ आवडे.

त्या बागेची मुख्य माळीण धुरपदा. अकरा वर्षे झाली, तिच्या पाठीने कोरडा पाहिला नव्हता. अळी पानावर चढायच्या आत ती चिमटीत धरी. शंभर पानांत एखाद्याच पानाला सुईच्या टोकाएवढे भोक असले, तरी तिची नजर आधी तिथेच जाई, आणि पर्णाध्यक्ष फाटकात येईतो ते पान खुडून, चुरगाळून, मातीआड झालेले असे. याचा तिला अभिमान होता. थोडाथोडका नव्हे, चांगला पायलीभर.

धुरपदेला नवरा नव्हता. घरात एक विधवा नणंद होती, कोंडाई, आणि एक मुलगी होती, अबोली. नाव अबोली, पण पोरीच्या तोंडाची टकळी पहाटे सुरू होई ती निजेपर्यंत. मुंगी कुठे चालली, शेजारणीने काय रांधले, राजाच्या हत्तीला शिंक कशी येते, सगळे तिला ठाऊक, आणि सगळे सांगितल्यावाचून चैन नाही. कोंडाई म्हणे, “वहिनी, हिचं नाव ठेवताना कुणी कान फुंकले तुझे?” धुरपदा हसे. दिवसभर मुक्या झाडांत राबणाऱ्या बाईला घरी आल्यावर ती बडबड गोड लागे.

एके दिवशी राजबागेच्या फाटकाशी एक जोगी आला. दूरच्या डोंगरावरून आला होता, आणि राजाला नजराणा म्हणून हातात एक रोप होते. रोपाची पाने चाळणीसारखी, खोड किड्याने पोखरलेले.

जोगी म्हणाला, “बाई, याला जागा दे. पाणी नको, खत नको. नुसती जागा दे.”

धुरपदा म्हणाली, “बुवा, ही चाळण वाफ्यात लावली तर उद्या माझ्या पाठीची चाळण होईल.”

“उपयोगाला येईल.”

“कीड लागलेलं झाड कुणाच्या उपयोगाला येतं?”

आणि तिने ते रोप दोन बोटांत धरले, तटावर चढली, आणि पलीकडे उकिरड्यावर भिरकावून दिले. मग खाली उतरून तीनदा हात धुतले.

जोगी रागावला नाही. रागावलेला जोगी परवडतो, न रागावलेला परवडत नाही. तो शांतपणे म्हणाला, “ज्या झाडाला दुखणं माहीत नाही, त्याला उतारा कुठून माहीत असणार? आजपासून सात वर्षांनी या राज्यावर बुरशी चढेल, आणि तुझ्या बागेतलं एकही पान तिला अडवणार नाही.” एवढे बोलून तो चालता झाला. धुरपदेने ही गोष्ट कोणाला सांगितली नाही. आधी ती बोलणे खोटे मानून गप्प राहिली, आणि पुढे ते खरे निघेल या भीतीने गप्प राहिली.

सात वर्षे सरली. आठव्याच्या पहिल्या सकाळी राज्यातल्या सगळ्या गव्हावर पांढरी लव आली. दुसऱ्या दिवशी पोथ्या उघडेनात, पाने एकमेकांना चिकटली होती. तिसऱ्या दिवशी नगारा वाजेना, कातड्यावर बोटभर बुरशी. चौथ्या दिवशी ती माणसांवर आली. कोणाच्या नखांत, कोणाच्या कानांत, कोणाच्या काखेत. खुद्द निष्कलंकसेन महाराजांच्या डाव्या गालावर रुपयाएवढा हिरवट डाग उमटला, आणि महालातले सगळे आरसे भिंतीकडे तोंड करून ठेवण्यात आले.

राजाने राजवैद्य त्रिविक्रमशास्त्र्यांना बोलावले. शास्त्र्यांनी राजबागेतला पाला मागवला. कडुनिंब आला, हळद आली, तुळस आली, वेखंड आले. पाने कशी, तर रंगवून ठेवल्यासारखी. शास्त्र्यांनी रात्रभर खल केला, लेप केला, झाकून ठेवला. सकाळी झाकण काढले तर लेपावरच बुरशी चढलेली.

शास्त्र्यांनी कडुनिंबाचे पान धुरपदेपुढे धरले. “माळीणबाई, चावून पाहा.”

तिने पान चावले. कडुनिंब पालकासारखा गोडसर लागला. अठरा वर्षे तिने ही पाने पुसली होती, मोजली होती, पण तोंडात एकही घातले नव्हते.

आणि घरी आली तर ओटीवर अबोली गप्प बसलेली. धुरपदेने विचारले, “काय गं, जेवलीस?” पोरीने मान हलवली. “बोल की.” पोरीने तोंड उघडून दाखवले. जीभ पांढरी, टाळू पांढरा, पडजीभ पांढरी.

शास्त्र्यांनी दिव्याच्या उजेडात पाहिले आणि दिवा खाली ठेवला. “बुरशी घशात उतरते आहे. एकविसाव्या दिवशी श्वासाची वाट बंद होईल. माझ्याकडे औषध नाही.”

धुरपदा तडक बागेत गेली. मलमलीखाली त्या गोड कडुनिंबाच्या बुंध्याशी बसून ती रडली. मुलगी जाणार, आणि स्वतःच्या हाताने घालवली, एवढेच तिच्या मनात होते. तेवढ्यात डोक्यावर टकटक झाली. छत एका कोपऱ्यात बुरशीने कुजून फाटले होते, आणि त्या फटीतून एक म्हातारा सुतारपक्षी आत येऊन खोडाला चिकटला होता.

पक्षी म्हणाला, “माळिणी, मी तुझ्या बागेतलं प्रत्येक झाड ठोकून पाहिलं. आत काही नाही.”

“काय असायला हवं होतं?”

“भांडण. झाडाला कुणी चावलं की झाड आतून पेटतं. कडू होतं, तिखट होतं, उग्र होतं. तू कुणाला चावूच दिलं नाहीस. त्यांनी कशासाठी कडू व्हावं?”

धुरपदेने डोळे पुसले. “उतारा सांग.”

“मूळ, पान आणि गाभा. कुरतडलेल्या वेखंडाचं मूळ, दलदलीतून. चाखलेल्या कडुनिंबाचं पान, टोळांच्या माळावरून. धुपात जाळतात त्या अगरूचा, जखमेतून काळा झालेला गाभा. तिन्हींची एकच खूण. चांगलं दिसेल ते घेऊ नकोस.”

“गाभा कुठं मिळेल?”

पक्ष्याने मान वाकडी केली. “आधी दोन तर आण. मी वरून येतो.”

धुरपदेने अबोलीला कोंडाईच्या हवाली केले. कोंडाई एरवी तोंडाची फटकळ, पण त्या दिवशी भाकऱ्या बांधून देताना एवढेच म्हणाली, “वहिनी, मागं बघू नकोस. पोरीला मी सांभाळते.” पोरीने आईचा पदर धरला आणि सोडला. बोलता येत असते तर तिने निदान घटकाभर सूचना केल्या असत्या.

तिसऱ्या दिवशी दलदल आली. अफाट चिखल, आणि त्यात तलवारीसारखी ताठ पाने घेऊन वेखंड उभे. दलदलीचा राजा एक खेकडा होता, बैलाएवढा. तो नांगी उचलून म्हणाला, “एकच मूळ उपटायचं. मूळ खरं निघालं तर घेऊन जा. खोटं निघालं तर सात दिवस माझ्या चिखलात उभी राहा, मग पुन्हा एक उपट.”

धुरपदा चिखलात शिरली. तिने पाने चाचपली, मुळे चाचपली. पक्ष्याने सांगितलेले तिला आठवत होते, खोटे कशाला बोला. पण अठरा वर्षांचा हात. तो आपोआप सगळ्यात गुबगुबीत, सगळ्यात नितळ मुळाकडे गेला. तिने उपटले, आणि उपटता उपटताच त्यावर पांढरी लव आली.

“सात दिवस,” खेकडा म्हणाला.

धुरपदा कमरेएवढ्या चिखलात उभी राहिली. घरी पोरीचा घसा दिवसागणिक बंद होत होता, आणि ही येथे खांबासारखी. पहिले दोन दिवस तिने स्वतःला शिव्या दिल्या. तिसऱ्या दिवशी शिव्या संपल्या, तेव्हा ती पाहू लागली. बारके खेकडे येत आणि वेखंडाची मुळे कुरतडत. ज्या मुळाला कुरतडले, ते त्या जागी तांबूस होई, गाठाळ होई, आणि त्याचा असा काही उग्र वास सुटे की खेकडाच नांगी नाकाला लावून पळे. भोवतीचा चिखल कुजत असे, मासे कुजत, पाने कुजत, शेजारची गोरीगोमटी मुळे कुजत. ते गाठाळ मूळ तेवढे तसेच राही.

आठव्या सकाळी तिने सगळ्यात वेडेवाकडे मूळ उपटले. वासाने तिच्या डोळ्यांत पाणी आले. मोठा खेकडा दोन पावले मागे सरला. “खरं आहे. लवकर घेऊन जा, माझी प्रजा शिंकते आहे.”

दहा दिवस गेले होते.

चौदाव्या दिवशी टोळांचा माळ आला. तेथे गवताची काडी नव्हती. एकदा टोळधाड आली होती आणि सगळे खाऊन गेली होती. माळाच्या मध्यावर एकच झाड उभे होते, कडुनिंब, पाच मजली वाड्याएवढा उंच. त्याच्या बेचक्यात एक यक्षीण पाय सोडून बसली होती आणि जांभया देत होती.

“पान हवं?” यक्षीण म्हणाली.

“हवं.”

“धाड आली तेव्हा पुढच्या टोळानं या झाडाचं एक पान चाखलं. चाखलं आणि थुंकलं. त्याचं तोंड पाहून मागचे टोळ वळले. ते एक पान या लाखभर पानांत आहे. झाडाची सावली बुंध्याला लागेपर्यंत शोध. नाही सापडलं तर तूही पान होशील. तुझ्याआधी तीनशे जण आले. हे सगळे वर लटकले आहेत.”

वर पाहिले तर खरेच, काही पाने वाऱ्यावाचून हलत होती. सावली बुंध्यापासून चार बोटांवर आली होती. यक्षीण सावरून बसली. तिला एवढीच काय ती करमणूक होती.

धुरपदेने मान वर केली, आणि हात वर केला. “ते. पश्चिमेच्या फांदीवर, शेंड्याकडून सातवं. कडेला नखाएवढं खाल्लंय.”

यक्षीण चिडली. “आधी कुणी सांगितलं तुला?”

“कुणी नाही. अठरा वर्षं हेच करते मी.”

नजर तीच होती. भोक दिसले की पान खुडायचे, मातीत पुरायचे, असा तिचा जन्म गेला. हे पान तिने खुडले आणि पदराच्या गाठीत बांधले. जिभेला टेकवून पाहिले मात्र, तर कडूपणा थेट कानापर्यंत गेला. तिला हसू आले. पानाची गाठ पक्की झाली तशी ती तीनशे पानेही टपटप खाली पडली, त्यांची माणसे झाली, आणि डोळे चोळत आपापल्या गावाच्या वाटेला लागली. यक्षीण म्हणाली, “आता मी बोलू कुणाशी?”

सुतारपक्षी वरून उतरला. “आता डोंगर चढ.”

सोळाव्या दिवशी डोंगर चढून झाला. माथ्यावर अगरूची राई होती. सरळ, उंच, गुळगुळीत झाडे. पक्षी एकेका झाडाला ठोकत गेला. “पांढरं. हेही पांढरं. हेही पांढरं.” राईच्या शेवटी एका शिळेवर जोगी बसला होता, तोच. धुरपदेने त्याला ओळखले, आणि त्यानेही ओळखले.

तिने त्याच्या पायांशी मूळ ठेवले, पान ठेवले. “बुवा, चूक माझी होती. शिक्षा पोरीला नको. काळा गाभा द्या.”

जोगी म्हणाला, “बाई, या राईत काळा गाभा नाही. अगरूचं लाकूड जन्मतः पांढरं, त्याला वासही नसतो. किडा खोड पोखरतो, जखमेतून बुरशी आत शिरते, झाड तिच्याशी भांडतं, आणि त्या भांडणानं गाभा काळा होतो. जिथं काळा झाला तिथून बुरशीला पुढं वाट नाही.”

“किती दिवस लागतात?”

“सात वर्षं.”

धुरपदेने बोटे मोजली. तिच्याकडे पाच दिवस होते. डोंगरावर येऊन, पाय फोडून, चिखलात उभे राहून शेवटी हे. तिला जोग्याचा राग आला, पक्ष्याचा आला, आणि फिरून स्वतःचा आला.

जोगी सावकाश म्हणाला, “मी एक पोखरलेलं रोप तुझ्याकडे आणलं होतं. अगरूचंच. ते कुठं लावलंस?”

“लावलं नाही. टाकलं.”

“कुठं?”

“तटाबाहेर. उकिरड्यावर.”

“किती वर्षं झाली?”

धुरपदा उत्तर देऊ गेली आणि तिचे तोंड उघडेच राहिले. मग तिने मूळ उचलले, पान उचलले, आणि नमस्कार करायचेही विसरून डोंगर उतरू लागली.

वाटेत तिने पक्ष्याला विचारले, “तुला ठाऊक होतं?”

“होतं. रोज ठोकतो मी त्याला.”

“मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस?”

“उकिरड्यावरचं किडकं झाड कापून पोरीला दे, असं त्या दिवशी सांगितलं असतं, तर तू दिलं असतंस?”

धुरपदा भरभर पुढे चालू लागली.

एकविसाव्या दिवशी, सूर्य कलल्यावर, ती तटापाशी पोचली. उकिरड्याच्या कडेला ते झाड होते. आपोआप रुजले होते, आपोआप वाढले होते. राज्यात कीड म्हणून शिल्लक नव्हती, पण उकिरड्यावर पहारा कोण ठेवतो? राज्यभरातून हाकललेले किडे तिथे सुखाने नांदत होते. झाड कुबड आल्यासारखे वाकलेले, खोडाला शेकडो छिद्रे, पानांच्या नुसत्या शिरा उरलेल्या. परीट त्याला गाढव बांधत.

धुरपदेने कोयता काढला, आणि तिचा हात थांबला. अठरा वर्षांत तिने झाडाला जखम केली नव्हती. तिने खोडाला हात लावून म्हटले, “तुला जागा दिली नाही मी. तरी मागायला आले.” झाड काही बोलले नाही, त्या राज्यात पक्षी बोलत, झाडे बोलत नसत. तिने एक जाड फांदी तोडली. बाहेरून साल कुजकट, आणि आत लाकूड काळेभोर, चिकट, दगडासारखे जड.

फांदी काखेत मारून ती वेशीत आली, तर समोर पर्णाध्यक्ष उभा. भुवयांवर बुरशी आलेली, पण हातात चांदीची काडी होतीच.

“थांब, धुरपदे. काय आणलंस?”

तिने गाठ सोडून दाखवले.

पर्णाध्यक्षाने काडीने एकेक वस्तू तपासली. “मूळ, कुरतडलेलं. पान, खाल्लेलं. लाकूड, पोखरलेलं. तिन्हींना राज्यात येण्याची मनाई. तीन कोरडे.”

“माझी पोर मरते आहे, अध्यक्ष.”

“नियम आहे.”

धुरपदेने वादात वेळ घालवला नाही. ती वळली आणि तिने पाठ पुढे केली. “मारा. पण लवकर मारा.”

तीन कोरडे बसले. अठरा वर्षांची कोरी पाठ तीन जागी फुटली. लागले फार, पण वाईट फारसे वाटले नाही. तिचे सगळे ध्यान त्या फांदीकडे होते.

पर्णाध्यक्ष म्हणाला, “आता पोखरलेलं लाकूड. ते नियमाप्रमाणे वेशीतच जाळायचं.”

धुरपदेने मान वर केली. “जाळा की. निखारे आणा.”

निखारे आणले. पर्णाध्यक्षाने स्वतःच्या हाताने काळ्या फांदीचा तुकडा निखाऱ्यावर ठेवला. ज्वाळा उठली नाही. धूर उठला, जाड, निळसर, गोड आणि कडू. तो सरळ वर गेला नाही. पाहुण्यासारखा वेशीतून आत शिरला आणि गल्लीगल्लीतून फिरू लागला. तो भिंतीला लागला की भिंतीची बुरशी खपलीसारखी गळे. पर्णाध्यक्षाच्या भुवया स्वच्छ झाल्या. तो हाताने भुवया चाचपत राहिला, आणि मूळ नि पान जप्त करायचे राहून गेले. ज्या नियमाने धूप वेशीत अडवला, त्याच नियमाने तो पेटवला. राज्यकारभारात असे कधी कधी होते.

एक निखारा आणि काळा तुकडा खापरात घेऊन धुरपदा घरी धावली. अबोली अंथरुणावर होती. छाती वरखाली होत होती, पण हवा आत जात नव्हती. ओठ निळे पडले होते. कोंडाईने तिचे डोके मांडीवर घेतले होते आणि ती देवाची एकामागून एक नावे घेत होती, ओळखीची संपली म्हणून अनोळखी.

“वन्सं, सहाण!” धुरपदा ओरडली.

तिने वेखंड उगाळले आणि मधातून पोरीच्या जिभेला लावले. पान ठेचून त्याचा रस बोटाने टाळूला लावला, घशाला लावला. खापर उशाशी ठेवले. मग दोघी बायका पोरीच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. पहिल्या घटकेत काही झाले नाही. दुसऱ्या घटकेत काही झाले नाही. तिसऱ्या घटकेत अबोलीला ठसका लागला, आणि घशातून साईसारखा एक पांढरा पापुद्रा बाहेर पडला. तिने भस्सकन श्वास घेतला. धुरपदेने त्या एकवीस दिवसांत पहिल्यांदा मोठ्याने रडून घेतले.

पोर वाचली. पण बोलली नाही. श्वास येई, पेज जाई, आवाज मात्र नाही. सुतारपक्षी खिडकीत बसून म्हणाला, “धूर तीन दिवस पुरेल. चौथ्या दिवशी बुरशी परत येईल. जिच्यामुळं ती आली ती बाग अजून झाकलेली आहे.”

दुसऱ्या दिवशी राजाने धुरपदेला दरबारात बोलावले. आरसे पुन्हा सुलटे केले होते. राजाच्या गालावरची बुरशी गेली होती, पण तिथे एक फिकट वण राहिला होता.

“माळीणबाई, राज्य वाचवलंस. काय हवं ते माग.”

“महाराज, आधी ऐका, मग द्यायचं ते द्या. हे राज्य बुडालं ते माझ्यामुळं. जोग्यानं रोप आणलं होतं. त्याला भोकं होती म्हणून मी ते उकिरड्यावर फेकलं, आणि त्याचा शाप लपवून ठेवला.”

राजाने गालावरच्या वणाला हात लावला.

“भोकाचा नियम कुणाचा?”

“आपला, महाराज.”

“तू रोप बागेत लावलं असतंस तर?”

“आपण मला कोरडे मारले असते.”

“मारले असते,” राजा म्हणाला. “शापाचं लपवलंस ते चुकलं. रोपाचं पाप आपण अर्धं अर्धं घेऊ. आता माग.”

“बागेवरचं छत काढा.”

“किडे येतील.”

“येऊ देत.”

“पानं खातील.”

“खाऊ देत, महाराज. थोडी आपल्यालाही उरतील, आणि ती कडू असतील.”

डाग न खपणारा राजा सिंहासनावरून उठला, बागेत गेला, आणि मलमलीची पहिली दोरी त्याने स्वतः कापली. छत खाली आले. वर्षानुवर्षे गाळून येणारा वारा एकदम आत घुसला, आणि त्याच्याबरोबर उकिरड्यावरचे सगळे निर्वासित आले. भुंगे आले, नाकतोडे आले, फुलपाखरे आली आणि पानामागे अंडी चिकटवून गेली. चौथ्या दिवशी बुरशी वेशीपर्यंत आली, आत डोकावली आणि जिथून आली होती तिकडे निघून गेली. ती पुन्हा त्या राज्यात राजवैद्याच्या लोणच्यापलीकडे कुठे दिसली नाही. पर्णाध्यक्षाला उकिरड्यावरच्या झाडाची राखण दिली. भोके मोजायची सवय सुटत नव्हती, ती त्याला तिथे पोटभर मोजता आली.

नवव्या दिवशी सकाळी धुरपदा अबोलीचा हात धरून बागेत गेली. पाठीवरचे वळ अजून ठणकत होते. पोर वाफ्यावाफ्यातून हिंडली आणि कडुनिंबाखाली थांबली. तिने वर पाहिले. तिची नजरही आईचीच होती.

“आई,” अबोली घोगऱ्या आवाजात म्हणाली, “तुझ्या झाडाच्या पानाला भोक पडलंय.”

धुरपदेचा हात सवयीने वर गेला, पानापर्यंत पोचला, आणि पान न खुडता खाली आला. तिने पोरीला पोटाशी धरले.

“पडू दे,” ती म्हणाली.

मग अबोलीने एकवीस आणि नऊ अशा तीस दिवसांचे साठलेले सगळे बोलायला घेतले, ते दिवेलागणीपर्यंत संपले नाही. कोंडाई कानांवर हात ठेवून म्हणाली, “वहिनी, थोडी बुरशी ठेवायची होतीस!”

अशी ही मुळाची, पानाची, गाभ्याची कहाणी. सांगणाऱ्याचे तोंड कडू झाले, ऐकणाऱ्याच्या घरचे धान्य कोरडे राहो. आणि कधी बुरशी आलीच, तर त्याने आधी आपला उकिरडा पाहून यावा.